गुणपत्रिका आणि तिच्यामागचे फेरफार

बी.ए.च्या अखेरच्या वर्षाला बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना एकाच विद्यापीठाने एकाच साली शेकडा ६२ गुण द्यावेत, आणि नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात असे आढळावे की, त्यांतील एकाला समोर पडलेल्या कागदपत्रांतून मुद्दा निवडून चार ओळींचे टिपण तयार करता येते, तर दुसरा साधा अर्ज लिहावयाचा म्हटला तरी कोणाचा तरी जुना अर्ज उतरवून घेण्यासाठी मागतो. या गोष्टीचे आश्चर्य आपल्याकडे कोणालाच वाटत नाही. आश्चर्य वाटावयास हवे ते याचे, की हा भेद ज्या कागदावर उमटावा त्या गुणपत्रिकेवर तो उमटत नाही, आणि तो उमटावा अशी अपेक्षा करणेही आपण केव्हाच सोडून दिले आहे.

परीक्षकांच्या हयगयीवर सारा दोष ढकलून या प्रश्नाचा निकाल लावू पाहणाऱ्यांनी अमेरिकेतील एक जुना प्रयोग ध्यानात घ्यावा. डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या विस्कॉन्सिन विद्यापीठातील दोन संशोधकांनी शालेय इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती काढून त्या निरनिराळ्या शाळांतील शिक्षकांकडे तपासावयास धाडल्या, आणि १४२ शिक्षकांकडून आलेले गुण १९१२ साली एकत्र मांडून दाखविले. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरांपैकी ५० दिले होते, कोणी ९७. भाषेच्या विषयात असे व्हायचेच, असे म्हणून गणितवाल्यांनी समाधान मानून घेण्याची सोयही राहिली नाही. कारण पुढच्याच वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेत याहून मोठी तफावत निघाली. हे सारे परीक्षक आपापल्या परीने प्रामाणिकच होते. नेमके काय पाहावयाचे याविषयी त्यांच्यात आधी काही ठरलेले नव्हते, आणि अनेक गोष्टी पाहून शेवटी एकच आकडा लिहावयाचा असल्यामुळे कोणी काय पाहिले याचा मागमूसही त्या आकड्यात उरत नव्हता.

या पेचातून काढलेली एक वाट म्हणजे ई-पोर्टफोलिओ. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वर्षांत केलेल्या कामांपैकी निवडक कामे, त्यांचे आधीचे मसुदे, त्यांवरील शिक्षकांचे शेरे आणि ती कामे का निवडली याविषयी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली टिपणे, हे सर्व एकत्र ठेवणारे संगणकीय दप्तर, एवढी त्याची व्याख्या सामान्य वाचकाला पुरेशी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत ही पद्धत चांगलीच रुजली आहे.

सातबारा आणि सहा नंबर

तलाठी कार्यालयाशी ज्यांचा कधी संबंध आला असेल त्यांना गाव नमुना सात-बारा आणि गाव नमुना सहा यांतील फरक सांगावयास नको. सातबाराचा उतारा जमीन आज कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकारणी किती, पीक कोणते, हे सांगतो. परंतु ती त्या नावावर वारसाने आली, खरेदीखताने आली की वाटणीने, हे त्यावर लिहिलेले नसते. तेथे असतो तो फक्त फेरफाराचा क्रमांक. तो धरून सहा नंबरची नोंदवही उघडली म्हणजे व्यवहाराचा तपशील, तलाठ्याने घेतलेली नोंद, हितसंबंधीयांना गेलेली नोटीस आणि मंडल अधिकाऱ्याने रुजुवात करून नोंद प्रमाणित केल्याचा शेरा, असा सारा इतिहास हाती लागतो. म्हणूनच वाद उभा राहिला की जाणता वकील पहिल्याप्रथम फेरफारांच्या नकला मागवतो.

गुणपत्रिका हा विद्यार्थ्याचा सातबारा आणि ई-पोर्टफोलिओ हे त्याचे फेरफार, असे मानून चालले म्हणजे पुढचा विषय सोपा होतो. भेद एवढाच की, येथे नोंद घेणारा तलाठी खुद्द विद्यार्थीच असतो. आपल्या ज्ञानात कोणता फेर पडला, कशामुळे पडला आणि त्याला आधार कोणता, हे त्याने लिहावयाचे. ते ग्राह्य धरावयाचे की नाही, हे मात्र दुसऱ्याने ठरवावयाचे.

कागदी बाडापासून संगणकापर्यंत

या पद्धतीचा उगम संगणकाच्या प्रसारापूर्वीचा आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक येथील शाखेत पीटर एल्बो आणि पॅट बेलानोफ या दोन लेखन-शिक्षकांनी १९८०च्या दशकात प्रथम वर्षाची लेखन-पात्रतेची परीक्षा बंद करून तिच्या जागी कागदी बाड आणले. विद्यार्थ्याने सत्रभर लिहून, सुधारून, पुन्हा लिहून सिद्ध केलेले तीन लेख त्यात असत आणि चौथा लेख वर्गात बसून, कोणाच्याही साहाय्यावाचून लिहिलेला असे. ही चौथ्या लेखाची योजना मला फार शहाणपणाची वाटते, आणि तिच्याकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे. विद्यार्थ्याचे बाड त्याला न ओळखणारा दुसरा शिक्षक वाचून उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवी. त्यामुळे वर्गशिक्षकाची भूमिका न्यायाधीशाची न राहता विद्यार्थ्याच्या वकिलाची झाली, हा त्या योजनेचा अनपेक्षित लाभ होय.

ज्या विस्कॉन्सिन राज्यात स्टार्च आणि एलियट यांनी गुणांची अब्रू चव्हाट्यावर आणली, त्याच राज्यातील मिलवॉकी शहरात अल्व्हर्नो नावाचे स्त्रियांचे महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकवर्गाने १९७३ पासून गुण आणि श्रेणी यांना फाटा देऊन संभाषण, विश्लेषण, समस्यांची उकल, मूल्यविवेक अशा आठ क्षमता निश्चित केल्या, आणि प्रत्येकीची पायरीपायरीने, वर्णनात्मक शेऱ्यांच्या द्वारे पारख करण्याचा प्रघात पाडला. विद्यार्थिनींची भाषणे चित्रफितीवर घ्यावयाची आणि आपलेच भाषण पाहून त्यातील गुणदोष त्यांनी स्वतः लिहून काढावयाचे, ही तेथील जुनी रीत. एकविसावे शतक उजाडण्याच्या सुमारास हे सर्व साहित्य तेथे संगणकीय दप्तरात आले. पाठोपाठ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजाने या शतकाच्या प्रारंभीच ही पद्धत हाती घेतली. तेथील विद्यार्थीवर्ग बहुतांशी देशोदेशींहून आलेल्या स्थलांतरितांच्या घरचा आहे. त्यांपैकी अनेकांना आपण काय शिकलो हे इंग्रजीतून मुद्देसूदपणे मांडता येणे, हीच मुळात एक मोठी शिकवण होती.

संगणकाने यात भर घातली ती सोयीची. एकच दप्तर दहा ठिकाणी एकाच वेळी वाचता येते, ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत निबंधाशेजारी ठेवता येते, मसुद्यांवर तारखा राहतात, नाव झाकून हवे ते काम हवे तेव्हा बाहेर काढता येते. याहून अधिक श्रेय यंत्राला देण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्याचे टिपण

दप्तरात कागद जमवणे हे हमालाचे काम आहे. खरी कसोटी लागते ती निवडीपाशी आणि निवडीच्या समर्थनापाशी. परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करीत आलेली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या सत्रात तिने मधुमेहावर निबंध लिहिला, संख्याशास्त्राच्या वर्गात एक तक्ता केला, आणि तिसऱ्या सत्रात रुग्णांना द्यावयाचे एक माहितीपत्रक रुग्णालयातील अनुभवानंतर दोनदा बदलून लिहिले. ही तिन्ही कामे दप्तरात ठेवून तिने खाली लिहिले की, ‘या कामांतून मला पुष्कळ शिकावयास मिळाले व माझा आत्मविश्वास वाढला,’ तर तलाठ्याने ‘जमीन नावावर आली’ एवढेच लिहून स्वाक्षरी केल्यासारखे ते होईल. आता याच विद्यार्थिनीने असे लिहिले आहे अशी कल्पना करा: ‘निबंधात मी वृत्तपत्रातला आकडा जसाच्या तसा उचलला होता. तो कोणत्या वयाच्या लोकांचा, हे मी पाहिलेच नव्हते. संख्याशास्त्राच्या वर्गात तक्ता करावयास बसले तेव्हा ते कळले. माहितीपत्रकाच्या पहिल्या खर्ड्यात आकडेच आकडे होते. एका आजींनी ते उलटे धरले. दुसऱ्या खर्ड्यात आकडे काढून जेवणाच्या वेळा घातल्या.’

या दुसऱ्या टिपणातील प्रत्येक वाक्याला मागे एक कागद आहे, आणि वाचणाऱ्याला तो उघडून ताळा पाहता येतो. या क्षेत्रात ज्याला चिंतन म्हणतात ते एवढेच. त्यात गहिवर अपेक्षित नाही, कबुलीजबाब तर नाहीच. ‘आधी असे होते, आता असे आहे, मध्ये हे घडले’ अशी पुराव्यानिशी मांडणी अपेक्षित आहे. तीन निरनिराळ्या विषयांचे वर्ग एकमेकांना लागतात कोठे, हे या टिपणात दिसून येते. कोणत्याही एका विषयाच्या प्रश्नपत्रिकेत ते दिसण्याचा संभव नाही, कारण त्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या तीन शिक्षकांची बहुधा एकमेकांशी गाठही पडलेली नसते.

निकषांचा तक्ता आणि दोन वाचक

येथवर ठीक, पण दप्तर वाचणारे शिक्षकही स्टार्च आणि एलियट यांच्या शिक्षकांचेच वंशज. त्यांच्यात ५० आणि ९७ चा खेळ पुन्हा सुरू होऊ नये म्हणून रुब्रिक, म्हणजे निकषांचा तक्ता, वापरतात. उभ्या रांगेत पाहावयाच्या गोष्टी, आडव्या रांगेत चढत्या पायऱ्या, आणि प्रत्येक चौकटीत त्या पायरीवरचे काम कसे दिसते याचे शब्दांत वर्णन. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने शंभरांहून अधिक संस्थांतील अध्यापकांच्या साहाय्याने असे तक्ते तयार करून २००९ साली प्रसिद्ध केले. ते ‘व्हॅल्यू’ या नावाने ओळखले जातात. प्रारंभी पंधरा होते, पुढे सोळा झाले.

[चौकट]
चिकित्सक विचाराच्या तक्त्यातील एक ओळ: पुरावा
हा तक्ता पाच गोष्टी पाहतो: प्रश्नाची मांडणी, पुरावा, संदर्भ व गृहीतके, लेखकाची स्वतःची भूमिका, आणि निष्कर्ष. त्यांपैकी पुराव्याच्या ओळीतील पायऱ्यांचा आशय असा:
पायरी १: तज्ज्ञांची मते शंका न घेता खरी मानली आहेत.
पायरी २: बहुतेक मते खरी मानली आहेत, शंका क्वचित घेतली आहे.
पायरी ३: मते तपासून पाहिली आहेत.
पायरी ४: मते कसून, सर्व बाजूंनी तपासली आहेत.
पहिल्या पायरीलाही न पोचणाऱ्या कामास शून्य. पदवीच्या आरंभी पहिली पायरी आणि शेवटी चौथी, अशी अपेक्षा असते.
[चौकट समाप्त]

तक्ता हाती दिला म्हणजे एकमत होते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. वाचनास बसण्यापूर्वी सर्व वाचक एकच नमुना स्वतंत्रपणे तपासतात आणि आपापले आकडे टेबलावर ठेवतात. एकाने पुराव्याच्या ओळीत ४ दिलेले असतात, दुसऱ्याने २. पहिला म्हणतो, विद्यार्थ्याने सहा ग्रंथांचा आधार दिला आहे, आणखी काय हवे? दुसरा म्हणतो, सहाही ग्रंथांपुढे त्याने फक्त मान डोलावली आहे, एकालाही प्रश्न विचारलेला नाही. मग दोघेही चौकटीतले शब्द पुन्हा वाचतात, आणि पहिल्याच्या ध्यानात येते की आपण आधारांची संख्या मोजत होतो. तक्ता तर आधारांशी केलेली झुंज पाहावयास सांगतो. अशा तीनचार नमुन्यांवर खडाजंगी झाल्यानंतर खरे वाचन सुरू होते, प्रत्येक काम दोघे वाचतात, आणि फार अंतर पडले तर तिसऱ्याकडे जाते. या प्राथमिक खडाजंगीवर खर्च होणारा वेळ हा अपव्यय नव्हे. संपूर्ण पद्धतीची विश्वासार्हता तेथे विकत घेतली जाते.

ती न घेतल्यास काय होते, हे व्हरमाँट राज्याने दाखवून दिले. तेथे १९९०च्या दशकाच्या आरंभी चौथी आणि आठवीच्या मुलांची लेखन व गणित या विषयांतील बाडे राज्यभर तपासण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. रँड या संशोधनसंस्थेतील डॅनिएल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याची पाहणी केली, तेव्हा पहिल्या वर्षी दोन वाचकांतील मेळ इतका अल्प निघाला की, त्यांवरून एका मुलाची दुसऱ्याशी वा एका शाळेची दुसरीशी तुलना करणे अन्यायाचे ठरले असते. मुलामुलांच्या बाडांत कामेच निरनिराळी होती, आणि निकष ढोबळ होते. गणितात पुढे बरीच सुधारणा झाली, लेखनात तितकी नाही.

परीक्षा नेमकी कोणाची?

या विषयावर बोलताना भल्याभल्यांची एका ठिकाणी गल्लत होते. ‘व्हॅल्यू’चे हे तक्ते विद्यार्थ्याला गुण देण्यासाठी केलेले नाहीत. अमेरिकेच्या तत्कालीन शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी नेमलेल्या आयोगाने २००६ साली असा सवाल केला होता की, एवढा पैसा घेणारी महाविद्यालये विद्यार्थ्यांना काय शिकवतात याचा पुरावा कोठे आहे? सर्वांना एकच प्रमाणित चाचणी द्यावी, असा सूर त्यातून उमटला. महाविद्यालयांच्या त्या राष्ट्रीय संघटनेने त्याला जे उत्तर दिले ते असे: दोन तासांच्या परक्या चाचणीपेक्षा, विद्यार्थ्यांनी चार वर्षे खरोखर केलेले कामच बाहेर काढा आणि ते वाचा.

समजा, पाच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या दप्तरांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शंभर कामे, नावे झाकून, काढली. वाचकांना आढळले की लेखांची मांडणी बरी आहे, पुराव्याची ओळ मात्र सर्व विभागांत दुसऱ्या पायरीवर अडकून पडली आहे. आता दोष कोणाचा? शोध घेतला म्हणजे बहुधा उत्तर गृहपाठाच्या शब्दांत सापडते: ‘अमुक ग्रंथाचा सारांश लिहा’ असाच गृहपाठ सगळी वर्षे दिलेला असतो, आणि ज्याला कधी कोणी ग्रंथाशी भांडावयास सांगितले नाही तो भांडणार तरी कसा? आरोपीच्या पिंजऱ्यात विद्यार्थी उभा केला होता. निकालपत्रात नाव निघते अभ्यासमंडळाचे. माझ्या मते ई-पोर्टफोलिओचा सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि पुष्कळ महाविद्यालयांना तो अडचणीचा वाटण्याचे कारणही हेच.

चांगले तेवढेच दाखवण्याची ओढ

ज्या दप्तरातून महाविद्यालय आपली पारख करू पाहते, तेच दप्तर विद्यार्थ्याला नोकरी मागताना दाखवावयाचे असते, आणि येथे दोन हेतूंची टक्कर होते. पारखीसाठी पडलेली, फसलेली, लाल शाईने माखलेली पाने हवीत, कारण प्रगती मोजावयाची तर आरंभबिंदू हवा. मालकाला दाखवावयाचे तर ती पाने कोण ठेवील? ठेवू नयेत, हेच व्यवहाराला धरून आहे. यावर काही महाविद्यालये दोन कप्पे करतात: आतला कप्पा शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुरता, बाहेरचा विद्यार्थी ज्याला उघडून देईल त्याच्यापुरता. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कागदपत्रांच्या गुप्ततेविषयी १९७४ चा केंद्रीय कायदा आहे, त्यामुळे आतल्या कप्प्याची किल्ली कोणाकडे असावी हा तेथे कायद्याचाही प्रश्न होतो.

कप्पे केले तरी मनुष्यस्वभाव उरतोच. टिपणाला महत्त्व आहे असे कळले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल असे टिपण लिहू लागतो. प्रारंभी मी अज्ञानी होतो, मग अमुक सरांचा तास झाला, आणि मला दृष्टी आली, अशा धाटणीची टिपणे ढिगाने तयार होतात. त्यांवर उपाय एकच: टिपणातील प्रत्येक विधानाला कागद मागणे, आणि कागद नसेल ते विधान वाचलेच नाही असे समजणे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून गोड टिपणे लिहिण्याचे काम यंत्रही करू लागले आहे. नुसता अंतिम लेख ठेवणारे दप्तर त्यामुळे जवळपास निरुपयोगी झाले. तारखांसह मसुदे, तोंडी विचारलेले दोन प्रश्न, आणि स्टोनी ब्रुकच्या बाडातील तो वर्गात बसून लिहिलेला चौथा लेख, यांची किंमत यामुळे एकाएकी वाढली आहे. चौथा लेख आणि पहिले तीन एकाच हातचे वाटतात काय, हे सांगावयाला अनुभवी शिक्षकाला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडील हिशेब

महाराष्ट्रात ही कल्पना अगदीच परकी नाही. विज्ञानशाखेत प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्यापूर्वी प्रमाणित प्रयोगवही लागते, आणि वर्षभराच्या कामाचा पुरावा ठेवण्याचाच तिचा मूळ हेतू आहे. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री मागच्या वर्षीच्या हुशार मुलाची वही, त्याच्या निरीक्षणांतील चुकांसकट, उतरवून काढण्याचा जो संप्रदाय आपल्याकडे चालत आला आहे, त्याने नोंद राहिली आणि व्यवहार नाहीसा झाला. चित्रकला आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची कामांची बाडे याहून पुष्कळ खरी असतात. वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने नोंदवही आणि चिंतनपर टिपणे देशभर आणली आहेत. उलट, २०२१ पासूनची शैक्षणिक श्रेयांक पेढी विद्यार्थ्याच्या खात्यावर श्रेयांक जमा करते. ते कोणत्या कामातून मिळाले हे ठेवत नाही. विद्यार्थ्याचा सातबारा संगणकावर आला, त्याचा सहा नंबर अजून यावयाचा आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये अभ्यासक्रमांच्या निष्पत्तींचे तक्ते भरून देतात, पण त्या तक्त्यांतील टक्केवारी बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या गुणांवरूनच काढलेली असते, म्हणजे फिरून तोच आकडा.

अशी दप्तरे वाचावयास वेळ कोठून आणावा, हा आक्षेप खरा आहे, पण तो तोंडी ठेवण्यापेक्षा कागदावर मांडून पाहावा. शंभर कामे, प्रत्येकाला दोन वाचक, एका वाचनाला अर्धा तास, म्हणजे शंभर तास. दहा अध्यापकांत वाटले तर प्रत्येकी दहा. प्रारंभीच्या खडाजंगीसाठी अर्धा दिवस आणि तिसऱ्या वाचकाकडे जाणाऱ्या थोड्या कामांसाठी आणखी एखादा तास धरला, तरी उन्हाळी सुटीतील दोन दिवसांत हे उरकते. एका सत्राच्या उत्तरपत्रिका तपासण्यास लागणाऱ्या वेळाच्या मानाने हे काहीच नाही. उत्तरपत्रिकांच्या तपासणीचे मानधन ठरलेले असते. या दोन दिवसांचे कोणत्या शीर्षाखाली खर्ची घालावयाचे, एवढे व्यवस्थापनाने ठरवून दिले म्हणजे पुढचे काम अध्यापकांना करता येण्याजोगे आहे.